आधी प्लास्टिक, शिक्का नंतर: जुनी अंतराळ-खेळणी आणि त्यांच्या स्वस्त नकला ओळखायच्या कशा, जपायच्या कशा

जुनी प्लास्टिकची अंतराळ-खेळणी नव्याने जमवू लागलेला माणूस हटकून दोन गोष्टी करतो. हातात आलेलं यान आधी नळाखाली धरतो, आणि मग पालथं करून ‘मेड इन हाँगकाँग’ दिसलं की ‘डुप्लिकेट आहे’ म्हणून बाजूला टाकतो. पहिल्या घाईत कागदी स्टिकर जातात, दुसऱ्या घाईत कधीकधी अख्ख्या खोक्यातली सर्वांत चांगली वस्तू.

या लेखात धरलेली खेळणी साधारण १९५० ते १९८५ या काळातली आहेत. अमेरिकेतल्या आर्चर आणि मार्क्स या कंपन्यांचे अंतराळवीर, मॅटेलचा मेजर मॅट मेसन, ब्रिटनमध्ये विकली गेलेली प्रोजेक्ट स्वॉर्ड आणि स्पेसेक्स (आजची रॉकेट कंपनी नव्हे) या खेळण्यांच्या मालिकांतली यानं, अमेरिकेतल्याच केनर कंपनीच्या स्टार वॉर्समधल्या पावणेचार इंची फिगर, म्हणजे पात्रांच्या छोट्या बाहुल्या, आणि या सगळ्यांच्या मागोमाग निघालेल्या नकला.

नक्कल म्हणजे टाकाऊ, ही समजूत सुरुवातीलाच सोडा. तुर्कस्तानात १९८०च्या दशकात ‘उझाय’ नावाने स्टार वॉर्सच्या बिनपरवाना फिगर निघाल्या. त्यातली ‘ब्लू स्टार्स’ ही फिगर आज साध्या अस्सल केनर फिगरच्या कित्येक पट किमतीला जाते. परिणाम काय, तर आता उझायच्याही नकला निघतात. म्हणून ‘खरं की खोटं’ एवढ्याच प्रश्नावर थांबू नका. वस्तू कधी बनली, कुठे बनली आणि कोणत्या साच्यातून निघाली, हे विचारा. उत्तर पाचांपैकी एक येईल: मूळ कंपनीचा माल, परवाना घेऊन दुसऱ्या देशात काढलेला माल (ब्रिटनची पालिटॉय, मेक्सिकोची लिली लेडी), त्याच काळातली नक्कल, जुन्या साच्यातून पुढे कधीतरी पुन्हा काढलेला माल, किंवा आत्ताआत्ताची नक्कल, जिला संग्राहक ‘रिप्रो’ म्हणतात. पहिल्या चारही प्रकारांना संग्रहात जागा आहे. पाचवा प्रकार पाचवा म्हणूनच विकला जात असेल तर त्यालाही हरकत नाही.

## तयारी

महागडं काही लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातला व्हर्नियर कॅलिपर (साधा प्लास्टिकचा चालेल, धातूचा असला तर टोकं जपून लावा), दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी टॉर्च, नोटा तपासायचा यूव्ही दिवा, दोन काचेचे वाडगे, मीठ, भांडी घासायचं साधं लिक्विड, लहान मुलांचा मऊ टूथब्रश, मऊ सुती फडकं, पॉलिथिलीनच्या झिपच्या पिशव्या आणि एक वही. स्वयंपाकघरातला वजनकाटा असला तर उत्तम, नसला तर पहिला काटा ग्रॅमवर चालणाराच घ्या.

टेबलावर जुना टॉवेल अंथरा. पन्नास-साठ वर्षांचं टणक प्लास्टिक फरशीवर एकदाच पडतं.

सावधान: त्या काळच्या प्लास्टिकात आणि रंगात शिसं किंवा कॅडमियम असू शकतं. घरातल्या पोरांना ही खेळणी खेळायला देऊ नका, आणि हाताळून झाल्यावर हात धुवा.

## टप्पा १: धुऊ नका, फोटो काढा

वस्तू जशी आली तशीच ठेवा. पुढून, मागून, तळपाय किंवा बूड, प्रत्येक शिक्का आणि प्रत्येक तुटका भाग यांचे फोटो काढा. शिक्क्याचा फोटो समोरून फ्लॅश मारून काढला तर अक्षरं सपाट दिसतात. टॉर्च वस्तूच्या बाजूला जवळजवळ आडवी धरा, म्हणजे उठावाची सावली पडते आणि पुसट अक्षरंही वाचता येतात.

धूळ आधीच झटकायची नाही, याला कारण आहे. खाचेत बसलेला मळ सांगतो की कुठला भाग किती वर्षं कुठे बसलेला होता. यान सगळं मळकं आणि एकच पंख लख्ख, तर तो पंख बाहेरून आला आहे. एकदा सगळं धुऊन चकाचक केलं की हा पुरावा गेला.

## टप्पा २: प्लास्टिक ओळखा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण बहुतेक जण हा टप्पा गाळतातच. प्लास्टिकवरून तीन गोष्टी ठरतात: वस्तू साधारण कोणत्या काळातली, ती कशाने धुवायची आणि कशाच्या शेजारी ठेवायची.

पॉलिस्टायरीन. १९५०च्या दशकातल्या टणक अंतराळवीरांचं आणि यानांचं हे प्लास्टिक. नखाने टिचकी मारली की खणखणीत वाजतं. कडा धारदार, बारीक तपशील स्वच्छ. तुटलं तर काचेसारखं तुटतं, वाकत नाही.

पॉलिथिलीन. बोटाला मेणचट लागतं, वाजवलं तर ‘थप’ असा बद्द आवाज येतो, पातळ भाग वाकतो. त्यावर रंग नीट टिकत नाही आणि फेव्हिक्विकही धरत नाही. हाँगकाँगच्या बहुतेक स्वस्त अंतराळवीरांचं हेच प्लास्टिक.

व्हिनाइल, म्हणजे मऊ पीव्हीसी. रबरासारखं. जुनं झालं की चिकट होतं, कारण त्यात मऊपणासाठी घातलेलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर पाझरतं.

एबीएस. टणक, पण पॉलिस्टायरीनसारखं ठिसूळ नाही. केनरच्या मोठ्या यानांत हे भरपूर आहे. उजेडाने पिवळं पडतं; पांढरं यान दुधी हळदीच्या रंगाचं झालेलं दिसतं ते यामुळे.

सेल्युलोज ॲसिटेट. कमी सापडतं, पण ओळखायला हवं. वस्तू पिळवटल्यासारखी वाकडी झालेली असते आणि पिशवी उघडली की व्हिनेगरचा वास येतो.

आवाज आणि स्पर्श यांनी उलगडा झाला नाही तर पाण्याची चाचणी करा. पहिल्या वाडग्यात साधं पाणी आणि लिक्विडचा एकच थेंब. दुसऱ्यात एक लिटरला दीडशे ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवलेलं पाणी. सुटा, भरीव, बिनरंगाचा भाग आधी साध्या पाण्यात बुडवून सोडा. वर आला तर पॉलिथिलीन. बुडाला तर मिठाच्या पाण्यात टाका. तिथे तरंगला तर पॉलिस्टायरीन किंवा एबीएस, तिथेही तळाशी गेला तर व्हिनाइल किंवा ॲसिटेट. हे सगळं घनतेवर चालतं: पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलकं, पॉलिस्टायरीन पाण्यापेक्षा किंचित जड, पीव्हीसी बरंच जड. लिक्विडचा थेंब यासाठी, की पृष्ठभागाच्या ताणामुळे जड तुकडाही वर अडकून राहू नये. भागाला हवेचा बुडबुडा चिकटला असेल तर बोटाने पुसून पुन्हा सोडा. शेवटी साध्या पाण्यात खळबळून कोरडं करायला विसरू नका.

सावधान: स्टिकर, धातूचा भाग, बॅटरीचा कप्पा किंवा चंदेरी-सोनेरी मुलामा असलेली वस्तू पाण्यात टाकायची नाही. पोकळ फिगरही नाही. आतल्या हवेने ती तरंगते, आणि आत गेलेलं पाणी महिनोन्महिने बाहेर येत नाही. तापवलेली सुई टोचून वास घ्यायचा सल्ला कुणी दिला तर त्याचे आभार माना आणि सुई बाजूला ठेवा. भोक कायमचं राहतं, आणि पीव्हीसीचा धूर फुप्फुसाला घातक असतो.

आता निष्कर्ष जपून काढा. टणक अस्सलची मऊ नक्कल, असा प्रकार फार आढळतो, कारण पॉलिथिलीन स्वस्त पडतं आणि मोडत नाही. पण मऊ म्हणजे नक्कल, असं नाही. मार्क्सनेही पुढे मऊ प्लास्टिकचा माल काढला. प्लास्टिकने तुम्हाला अर्धा रस्ता दाखवला, बाकीचा साचा दाखवेल.

## टप्पा ३: मोजा आणि साचा वाचा

नक्कल करायची सोपी रीत म्हणजे अस्सल वस्तूवरूनच नवा साचा घ्यायचा. त्यात ओतलेलं प्लास्टिक थंड होताना आकसतं. पॉलिस्टायरीन अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पॉलिथिलीन दीड ते तीन टक्के. म्हणजे ९५ मिलिमीटर उंच टणक अंतराळवीरावरून काढलेली मऊ नक्कल साधारण ९३ मिलिमीटरची भरते. नकलेवरून पुन्हा नक्कल काढली की आणखी दोनेक मिलिमीटर गेले. डोळ्याला हे कळत नाही, कॅलिपरला लगेच कळतं.

उंची एकटी मोजू नका. मऊ फिगर गुडघ्यात वाकली तर उंची आपोआप घटते. खांद्यांची रुंदी, हेल्मेटचा व्यास आणि तळाच्या चकतीची लांबी अशी तीन मापं घ्या. तिन्ही सारख्याच प्रमाणात कमी भरली तर अस्सलवरून उतरवलेली नक्कल असण्याची शक्यता दाट. मापं वेडीवाकडी कमी-जास्त असतील तर कारागिराने नवा नमुना डोळ्याने बघून कोरला आहे. अशा नकलांना स्वतःचा असा विचित्र चेहरा असतो, आणि खरं सांगायचं तर मला त्याच जास्त आवडतात.

मग भिंग. चार ठिकाणं बघा: साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ, प्लास्टिक आत शिरलं ते गेट तोडल्याची खूण, वस्तू साच्यातून ढकलून काढणाऱ्या इजेक्टर पिनांचे गोल ठसे, आणि बारीक तपशील. चांगल्या साच्यात रेघ केसाएवढी असते. स्वस्त साच्याचे दोन भाग नीट जुळत नाहीत, मग काखेत आणि पायांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा राहतो.

माझ्याकडच्या एका निळ्या मऊ अंतराळवीरावर हे सगळं एकत्र बघायला मिळतं. छातीवरच्या प्राणवायूच्या नळीला अस्सलमध्ये मोजता येतील अशा कड्या आहेत. इथे त्यांची एकच पट्टी झाली आहे. डाव्या टाचेत हवेचा बुडबुडा फुटून टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा पडलेला. तळाला एक गुळगुळीत चौकोन बाकीच्या पृष्ठभागापेक्षा जरासा वर आलेला, आणि त्यात ‘हाँगकाँग’ तिरकं उमटलेलं, शेवटच्या इंग्रजी ‘जी’चं तोंड बुजलेलं. तो चौकोन म्हणजे मूळ कंपनीचं नाव साच्यात जिथून तासून काढलं ती जागा. खाचेत तासलं की वस्तूवर उंचवटा येतो. असा चौकोन दिसला की नक्कल कुठल्या मूळ मालाची, याचा शोध निम्म्याने सोपा होतो.

तपासा: दोन नमुने शेजारी ठेवल्याशिवाय मापावरून निकाल देऊ नका. इंटरनेटवरच्या मापात मोजणाऱ्याचा हातही मिसळलेला असतो. अस्सल मिळत नसेल तर निदान अवस्था बरी असलेला एक नमुना प्रत्येक मालिकेतून मिळवा आणि त्याच्यावरून मोजत चला.

## टप्पा ४: आता शिक्का वाचा

हा टप्पा चौथा आहे, पहिला नाही. शिक्का साच्यात कोरलेला असतो. साचा विकला जातो, भाड्याने जातो, त्याची नक्कल होते. मार्क्सचा माल घ्या. वर्तुळात ‘मार’ आणि त्यावर मोठी फुली, हा त्यांचा शिक्का प्रसिद्ध. ही कंपनी १९७२ साली क्वेकर ओट्सला विकली गेली, १९८०च्या सुमारास बुडाली, आणि तिचे साचे हिंडत राहिले. त्यातून पुढे निघालेल्या मालावर तोच शिक्का असू शकतो. शिक्का खरा, साचा खरा, वस्तू चाळीस वर्षं नवी. इथे तुम्हाला टप्पा २ वाचवतो: १९५०च्या दशकात टणक राखाडी प्लास्टिकात निघालेली फिगर झगझगीत मऊ प्लास्टिकात दिसली, तर ती पुन्हा काढलेली धरा.

‘हाँगकाँग’ या शब्दावरून काहीच ठरत नाही. प्रोजेक्ट स्वॉर्डची यानं सेंच्युरी २१ या ब्रिटिश कंपनीने अधिकृतपणे हाँगकाँगमध्येच बनवून घेतली. केनरच्या फिगरवरही हाँगकाँग आहे. उलट, ‘एम्पायर मेड’ असा भारदस्त शिक्का दिसला तर तोही हाँगकाँगचाच; ब्रिटिश वसाहत असल्यामुळे १९५०-६०च्या दशकांत तिथल्या मालावर तो मारला जाई. स्पेसेक्सचा मामला आणखी गुंतागुंतीचा. ब्रिटनमध्ये १९६९पासून ट्राय-अँग या ब्रँडच्या खोक्यात मिळणारी यानं ‘गोल्डन ॲस्ट्रोनॉट’ या दुसऱ्याच नावानेही विकली गेली. अशा ठिकाणी ‘नक्कल’ हा शब्द वापरताना जीभ आवरावी.

केनरच्या फिगरच्या पायावर वर्ष असतं आणि त्यावरून हमखास गैरसमज होतो. ‘जीएमएफजीआय १९७७’ यातलं जीएमएफजीआय म्हणजे जनरल मिल्स फन ग्रुप, केनरची त्या वेळची मालक कंपनी. पुढच्या फिगरवर ‘एलएफएल’, म्हणजे लुकासफिल्म. वर्ष हे हक्क नोंदवल्याचं आहे, बनवल्याचं नाही. १९७७ कोरलेली फिगर पुढे कित्येक वर्षं बनत राहिली. शिवाय ज्यांच्यावर देशाचं नावच नाही अशाही अस्सल फिगर आहेत, तेव्हा नाव नाही म्हणजे बनावट, हा नियमही टिकत नाही.

अक्षरांची अवस्था मात्र बोलते. अस्सलमध्ये कडा सरळ आणि खोली सारखी असते. अस्सलवरून उतरवलेल्या नकलेत अक्षरं साबणाच्या वडीवरच्या, दोन आठवडे वापरलेल्या नावासारखी दिसतात.

## टप्पा ५: खोका, कार्ड, पत्ता

वस्तूसोबत कागद आला असेल तर तारखेसाठी तो सोन्यासारखा. काही पक्क्या खुणा:

- अमेरिकेतल्या पत्त्यात शहरापुढे एक-दोन आकडी विभाग (‘न्यूयॉर्क १०’ असा) असेल तर छपाई बहुधा १९६३च्या आधीची. पाच आकडी झिप कोड असेल तर १९६३ किंवा त्यानंतरची.
- बारकोड असेल तर १९७३च्या आधीची छपाई शक्यच नाही. खेळण्यांवर तो सर्रास दिसू लागला आणखी काही वर्षांनी.
- ‘सीई’ ही युरोपीय खूण खेळण्यांवर १९९०पासूनची. ‘१९६०च्या दशकातला रोबो’ म्हणून विकायला काढलेल्या वस्तूवर ती दिसली की हसून पुढे जा.
- ‘वेस्ट जर्मनी’ म्हणजे १९९०च्या आधी.
- आपल्याकडच्या दुकानाची चिठ्ठी चिकटलेली असेल तर तीही वाचा. सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२पासून आला. इंग्रजीत ‘बॉम्बे’ असेल तर चिठ्ठी बहुधा १९९५च्या आधीची, पण जुन्या पाट्या आणि जुने छापील कागद दुकानदार संपेपर्यंत वापरतात, हे लक्षात ठेवा.

कागदाची तारीख वस्तूची तारीख असेलच असं नाही. जुन्या कोऱ्या कार्डावर नवी वस्तू चिकटवणं हा जुना धंदा आहे. फुगा, म्हणजे कार्डावरचं पारदर्शक कवच, कडेने बघा. कार्ड पिवळं पडलेलं आणि फुगा नव्या बाटलीसारखा स्वच्छ, गोंदाची रेघ फुग्याबाहेर ओघळलेली, असं असेल तर वस्तू सुटी समजूनच किंमत द्या.

## टप्पा ६: सुटे भाग वेगळे तपासा

संग्राहकाचा पैसा सर्वांत जास्त इथे बुडतो. फिगर अस्सल आणि हातातलं शस्त्र रिप्रो, ही रोजची गोष्ट. वस्तू एक समजू नका. फिगर, शस्त्र, अंगरखा, हेल्मेट, प्रत्येकाला टप्पा २ आणि ३ स्वतंत्रपणे लावा.

केनरच्या शस्त्रांसाठी ‘पाण्यात तरंगलं तर अस्सल’ हा मंत्र फार पसरला आहे. बरीच अस्सल शस्त्रं तरंगतात, हे खरं. पण काही अस्सल बुडतात आणि काही रिप्रो तरंगतात. म्हणून ही चाचणी शंका घेण्यापुरती वापरा, निकालासाठी नाही. निकाल भिंगाखाली: अस्सलच्या मुठीवरचे तपशील, कडांची धार आणि पृष्ठभागाची चमक खात्रीच्या नमुन्याशी जुळवा.

१९७८ साली निघालेल्या जावा या बुटक्या फिगरला सुरुवातीला व्हिनाइलचा अंगरखा होता, तो लवकरच बदलून कापडी केला. व्हिनाइलवाला दुर्मीळ, त्यामुळे दुसऱ्या फिगरचा व्हिनाइल अंगरखा कापून जावाला घातलेले नमुने बाजारात आहेत, नव्याने बनवलेलेही आहेत. कापलेली कड भिंगाखाली साच्यातून निघालेल्या कडेपेक्षा वेगळी दिसते. तरीही केवळ फोटोवरून हा जावा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जाणत्या माणसाने हातात घेऊन बघितल्याशिवाय नाहीच.

आर्चरच्या अंतराळवीरांची पारदर्शक गोल हेल्मेटं सुटी होती, म्हणून हरवली किंवा तडकली. मेजर मॅट मेसनच्या आत तार आहे. ती तुटली की हात लोंबतो, आणि ती तपासायला म्हणून हात वाकवला की तेव्हाच तुटते. विक्रेत्याला विचारा, स्वतः वाकवू नका.

यूव्ही दिवा इथे कामाला येतो. अंधारात सगळ्या भागांवर फिरवा. एकाच रंगाचे दोन हात वेगवेगळे चमकले तर त्यातला एक दुसरीकडून आला आहे. कुठला, ते दिवा सांगत नाही.

## टप्पा ७: आता खरेदी

आधीचे सहा टप्पे घरातल्या स्वस्त वस्तूंवर गिरवून मगच पैसे मोकळे सोडा.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे ठरलेले फोटो मागा: मागची बाजू, तळ, शिक्क्यावर आडवा प्रकाश, पट्टीशेजारी उभी वस्तू, सुटे भाग वेगळे मांडून. ‘माझ्या आजोबांच्या माळ्यावर सापडलं’ ही गोष्ट किमतीत धरू नका. वर्णनातले शब्द नीट वाचा: ‘रीइश्यू’ म्हणजे पुन्हा काढलेलं, ‘रीकास्ट’ म्हणजे वस्तूवरून उतरवलेलं, ‘व्हिंटेज स्टाइल’ म्हणजे नवं. सुरुवात मिसळ लॉटने करणं शहाणपणाचं; एका पिशवीत चार काळांची प्लास्टिकं येतात आणि हाताला सवय होते.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात आर्चरचा अंतराळवीर मिळेल, या आशेवर जाऊ नका. तिथे सापडतात ते हाँगकाँग आणि चीनचे नंतरचे रोबो, बिननावाची यानं, बॅटरीवर फिरणाऱ्या तबकड्या. नकलांच्या संग्रहाला हाच माल हवा. दुकानदारासमोर भिंग काढलं की भाव चढतो, तेव्हा बोटांनी काम भागवा: टिचकी, मेणचटपणा, तळाचा चौकोन.

परदेशातून मागवताना सीमाशुल्क आधी हिशेबात घ्या. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नियम लागू आहे, त्यात पार्सल अडकू शकतं. पैसे भरण्याआधी कुरियरवाल्याला त्या दिवशीचा दर आणि लागणारे कागद विचारा. परदेशात राहणारा भाचा सुट्टीला येणार असेल तर त्याच्या बॅगेत काय बसतं, तेही बघावं. मात्र कस्टमचे नियम त्यालाही लागू आहेत.

## टप्पा ८: सफाई

कोमट पाणी, लिक्विडचे दोन थेंब, मऊ ब्रश, आणि मग कोरडं फडकं. नव्वद टक्के वस्तूंना एवढं पुरतं. स्टिकर असलेला भाग पाण्यापासून दूर ठेवा, तिथे फक्त किंचित ओलसर कापसाची काडी. चंदेरी-सोनेरी मुलामा चोळायचा नाही. तो केसाहूनही पातळ असतो आणि फडक्यावर उतरतो.

काय करायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर पॉलिस्टायरीन विरघळवतात. स्पिरिटने रंग निघतो. टूथपेस्ट आणि ‘मॅजिक’ स्पंज हे बारीक पॉलिश पेपरच आहेत. पिवळं पडलेलं एबीएस पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवून पांढरं करायची पद्धत लोकप्रिय आहे. मी ती करत नाही: पिवळेपणा पुन्हा येतो, आणि प्लास्टिक ठिसूळ होण्याचा धोका राहतो.

वाकडी झालेली पॉलिथिलीनची बंदूक किंवा ॲंटेना सरळ करता येते. गरम पाण्यात (हात घालवणार नाही, पण उकळतही नसेल इतकं) अर्धा मिनिट धरा, सरळ करा, तसंच धरून गार पाण्यात बुडवा. पॉलिस्टायरीन आणि ॲसिटेटवर हा प्रयोग नको.

बॅटरीच्या कप्प्यातली पांढरी-हिरवी साय काढताना सगळे व्हिनेगर घेतात. ते अल्कलाइन सेलच्या गळतीला बरोबर. पण जुन्या झिंक-कार्बन सेलची गळती आम्लधर्मी असते, तिला खाण्याच्या सोड्याचं पाणी लागतं. लिटमस कागद ओला करून सायीला टेकवा. लाल झाला तर सोडा, निळा झाला तर व्हिनेगर. काडीने लावा, ओलसर फडक्याने पुसा, पूर्ण वाळवा.

तपासा: वस्तू एक रात्र पंख्याखाली सुकली आहे का? सांध्यात ओल ठेवून पिशवीत भरली तर स्क्रू गंजतात.

## टप्पा ९: साठवण

व्हिनाइल आणि पॉलिस्टायरीन एकमेकांना टेकू देऊ नका. व्हिनाइलमधून पाझरलेलं द्रव्य पॉलिस्टायरीनला मऊ करतं. यानावर फिगरच्या हाताचा खळगा पडलेला दिसतो, आणि तो भरून येत नाही. चिकट झालेलं व्हिनाइल वेगळं, काचेच्या बरणीत ठेवा. व्हिनेगरचा वास येणारं ॲसिटेट उलट मोकळ्या हवेत, बाकी संग्रहापासून लांब. त्याची वाफ शेजाऱ्यांनाही खाते. बाकीच्यांना पॉलिथिलीनच्या पिशव्या. चादरींच्या पाकिटांचं जाड पारदर्शक प्लास्टिक बहुधा पीव्हीसीच असतं, ते टाळा. रबरबँड तर कशालाच नको.

डांबरगोळ्या कपाटातून काढा. नॅप्थलिनची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ आणि चिकट करते. कपड्यांच्या कपाटात वरच्या फळीवर खेळणी ठेवण्याची आपली सवय इथे अंगाशी येते. कार्डांवर कसर लागू नये म्हणून झाकणाचा घट्ट डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. पत्र्याखालचा माळा नको, उन्हाळ्यात तिथे यानाचे पंख झुकतात. ऊन येणाऱ्या खिडकीतलं काचेचं कपाटही नको.

प्रत्येक वस्तूला वहीत एक पान द्या: प्लास्टिक, तीन मापं, वजन, शिक्का जसाच्या तसा, कुठले भाग बदललेले, कुठून आणि केवढ्याला घेतली. ‘अस्सल’ किंवा ‘नक्कल’ हा शब्द पेन्सिलने लिहा. शेजारी ठेवायला दुसरा नमुना मिळाला की हा शब्द बऱ्याचदा बदलतो.

पावसाळ्याच्या आधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा सगळे डबे उघडा. वास घ्या, व्हिनाइलला बोट लावून चिकटपणा बघा, बॅटरीचे कप्पे रिकामे आहेत याची खात्री करा, सिलिका जेल बदला.